लाल गाडीची ओढ

पांढरी गाडी शहाण्या मुलासारखी वळत होती, आणि अक्षता परबला त्याचाच राग येत होता.

रविवारची सकाळ. शिवडीच्या मागे, खाडीला लागून, कोळशाचं एक जुनं मैदान आहे. आता तिथं कोळसा नाही, नुसतं काँक्रीट, मधे मधे फुटलेलं. महिन्यातून एकदा हौशी मंडळी तिथं नारिंगी शंकू मांडतात, वळणावळणांचा रस्ता आखतात आणि आपापल्या गाड्या पळवतात. बक्षीस नाही, प्रेक्षक नाहीत. पूर्वेला खाडीच्या चिखलात फ्लेमिंगो माना घालून उभे असतात, तेवढेच काय ते बघणारे. पश्चिमेला उंच भिंत, आणि भिंतीवरून डोकावणारी लालबागच्या बंद गिरणीची चिमणी.

त्याच भिंतीवर होळीच्या आधी अक्षताचा धाकटा भाऊ विनीत आपटला होता. गाडीचा बंपर आणि एक दिवा फुटला. विनीतची मान मोडली. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत तो गेला.

"हातातून सुटली त्याच्या," असं सगळे म्हणाले. क्लबवाले म्हणाले, चाळीतले म्हणाले, बाराव्याला जेवायला बसलेले नातेवाईक भाताचा घास घेता घेता म्हणाले. लालबागचा पोरगा, शर्यतीच्या गाडीचे नाद कशाला करायचे, हे मोठ्यानं कुणी बोललं नाही, पण प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. अक्षताच्या डोक्यात तेव्हापासून जी तिडीक गेली होती ती खाली उतरायला तयार नव्हती. विनीतला तिनं पाहिलं होतं चालवताना. त्याच्या हातातून चहाचा कप सुटेल, गाडी सुटणार नाही.

ती एका टायर कंपनीत गाड्यांची पकड तपासायची नोकरी करायची. कुठली गाडी वळणात कशी वागते, ब्रेक मारला की कुठं कलते, हे सांगायचा तिला पगार मिळायचा. म्हणून तिनं क्लबच्या सेक्रेटरीला, दादरच्या सौमित्रला, गाठलं. त्याच्याकडे विनीतच्या गाडीची जुळी बहीण होती. तीच कंपनी, तेच वर्ष, दोन माणसांची तीच बुटकी जपानी गाडी, फक्त रंग पांढरा. संध्याकाळी शिवाजी पार्कला क्लबची बैठक होती आणि तिथं अपघाताचं कारण कायमचं लिहिलं जाणार होतं. त्याच्या आत दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकामागून एक चालवून बघायच्या, असं तिनं ठरवलं.

"अगं, पण यातून साधणार काय?" सौमित्र हातातल्या थर्मासचं झाकण फिरवत म्हणाला होता.

"तू फक्त चावी दे."

तर पांढरी आधी. ब्रेक सोडता सोडता नाक आत घालायची, मागचं अंग जरासं सैल सोडायची, गॅस दिला की परत सरळ. डावं वळण असो की उजवं, तिला सगळं सारखंच. स्टेअरिंगमधून रस्ता हाताला कळत होता. अक्षतानं तिला मुद्दाम वेडीवाकडी टाकली, मधेच ब्रेक मारला, गाडीनं तक्रार केली नाही. विनीत हिच्यासारखीच गाडी घेऊन भिंतीवर कसा गेला असेल, या विचारानं तिचे दात आवळले गेले.

मग ती लाल गाडीत बसली.

पहिलं वळण ठीक. दुसरं, शहराकडचं, जरा जास्तच ठीक. स्टेअरिंग हलवायच्या आतच गाडीनं नाक घातलं. तिसऱ्याला, खाडीकडे वळताना, ती अडली. अडली म्हणजे घसरली नाही, टायर ओरडले नाहीत. नुसती जड झाली. हात फिरवलाय तेवढी चाकं फिरलीत, पण गाडी यायला राजी नाही. बाजारातून निघायला तयार नसलेल्या पोराला दंडाला धरून ओढावं तसं तिला ओढावं लागलं. पाचव्या वळणाला रस्ता उजवीकडे, खाडीकडे जातो आणि डावीकडे ती भिंत आहे. तिथं अक्षतानं वेग निम्मा ठेवला होता, तरी तिचे खांदे भरून आले.

"डावीकडे ओढते," ती उतरून म्हणाली. "ये, बघ. डावीकडे ओढते मेली!"

"अलाइनमेंट गेली असेल. आपटल्यावर जातेच."

"परळला दोनदा करून घेतली. कागद दाखवू?"

"मग टायर."

टायर बदलले. पांढरीचे लालला, लालचे पांढरीला. जॅक लावून दोघांनीच, घामाघूम होऊन. पांढरी तशीच शहाणी राहिली. लाल तशीच ओढत राहिली. सौमित्र आता थर्मासला हात लावत नव्हता.

अक्षताचं डोकं रागातही नोकरीवर असल्यासारखं चालत होतं. गाडीत दोष असेल तर तो गाडीबरोबर फिरेल. डावीकडे ओढणारी गाडी उलटी पाठवली तरी डावीकडेच ओढणार. म्हणून तिनं तोच रस्ता उलट्या बाजूनं चालवायचा ठरवलं. उत्तरेकडे जाताना जी भिंत डाव्या हाताला होती ती आता दक्षिणेकडे येताना उजव्या हाताला आली.

गाडी उजवीकडे ओढायला लागली.

तिनं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. मग परत चालू करून मैदानाच्या मधोमध आणली, जिथं काहीच नाही, शंकूसुद्धा नाहीत. उत्तरेकडे तोंड करून पहिल्या गिअरमध्ये सोडली आणि हात वर केले. गाडी सावकाश डावीकडे वळली. दक्षिणेकडे तोंड केलं. सावकाश उजवीकडे. पश्चिमेकडे तोंड केलं तर दोरीवर ठेवल्यासारखी सरळ, चिमणीच्या रोखानं. पूर्वेकडे, खाडीकडे तोंड केलं तेव्हा गाडी थरथरली आणि बंद पडली.

"उतार असेल जमिनीला," सौमित्र म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच पटलेला नव्हता.

"मग तुझी गाडी सोड ना तशी."

पांढरी चारी दिशांना सरळ गेली.

"आता तू बस," अक्षता म्हणाली. "लाल घे. पाचवं वळण घे. मी सांगितलेलं खोटं, तर तू स्वतः बघ."

"अगं, तू दमली आहेस."

"दमलेली नाहीये मी. चिडलेय. बस म्हणते ना!"

तो बसला. पहिली चार वळणं त्यानं व्यवस्थित घेतली, चालवायचा चांगलाच तो. पाचव्याला लाल गाडीचं नाक उजवीकडे वळायला लागलं, मधेच थबकलं आणि डावीकडे गेलं. ब्रेकचा आवाज मैदानभर झाला. फ्लेमिंगोंचा अख्खा थवा उठला आणि खाडीवर पसरला. गाडी भिंतीपासून दोन हातांवर उभी होती.

अक्षता धावत पोचली तेव्हा सौमित्र उतरून दूर जाऊन उभा होता. तळहात पँटला पुसत होता.

"मी उजवीकडे वळवत होतो," तो म्हणाला.

"माहितीये."

"चाक फिरलं होतं गं. जोर लावला होता मी. माझ्या हातून सुटली नव्हती."

"हेच! हेच तर तो सांगायला जिवंत राहिला नाही! आता लिही हे. आज संध्याकाळी सगळ्यांसमोर सांग."

सौमित्रनं भिंतीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या चिमणीकडे. तिच्या पायथ्याशी परबांची चाळ आहे, हे त्याला ठाऊक होतं. विनीतला सोडायला तो कितीदा तिथवर आला होता.

"काय लिहू, अक्षता? गाडीला घरी जायचं होतं, असं लिहू?"

हे शब्द तोंडातून गेल्यावर तो स्वतःच दचकला.

"लोक मला वेड्यात काढतील," तो शेवटी म्हणाला. "ड्रायव्हरची चूक, एवढंच लिहिता येईल. दुसरं काही लिहिण्यासारखं नाहीये."

अक्षताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं त्याला जे सुनावलं ते सगळं इथं सांगण्यासारखं नाही. भित्रा म्हणाली, मेलेल्या माणसाच्या नावावर स्वतःची लाज झाकतोस म्हणाली, आणि त्याच्या हातातून चावी हिसकावून घेतली. सौमित्र खाली मान घालून ऐकत राहिला. त्यानं एकही शब्द खोडला नाही, आणि त्यामुळे ती आणखीनच भडकली.

घरी येताना गाडीला काही सांगावं लागलं नाही. अभ्युदयनगरच्या कोपऱ्यावर, काळाचौकीच्या सिग्नलला, बसच्या मागून, टेम्पोच्या पुढून, ती लोण्यातून सुरी जावी तशी आली. गल्लीच्या तोंडाशी अक्षतानं मुद्दाम स्टेअरिंग सैल सोडलं. गाडी आपसूक वळली आणि चाळीच्या दाराशी, नेहमीच्या जागी, येऊन उभी राहिली.

दाराशी जाईबाई बसल्या होत्या, तिची आई. शेजारी बाकावर लवूकाका, वडिलांचे चुलतभाऊ. वडील गेल्यापासून घरातलं प्रत्येक कार्य त्यांच्याच हातून व्हायचं. जाईबाई गाडीकडे बघत होत्या. अपघाताच्या दिवशी टोइंगवाल्यानं ही गाडी इथं आणून सोडली तेव्हा घरात कुणालाच काही कळलं नव्हतं. फोन नंतर आला. गाडीचा आवाज ऐकून त्या खाली आल्या, गाडी पाहिली, आत विनीत आहे का म्हणून वाकून पाहिलं, आणि टोइंगवाल्याला विचारलं, "गाडी इली. माझो झील खंय हा?" तेव्हापासून त्या रोज इथं बसायच्या.

"उद्या ही रे रोडच्या दारूखान्यात जाणार," अक्षता दार आपटून म्हणाली. "भंगारात. तुकडे करून टाकायला सांगते तिचे."

"भंगारात घालू नको गो," जाईबाई म्हणाल्या.

"आई, हिनं मारलं त्याला! त्यानं उजवीकडे वळवली होती. ही इकडे यायला बघत होती. इकडे, घराकडे! मी आज सकाळभर तेच बघितलंय. वेडी झाले असं म्हण हवं तर."

जाईबाई तिला वेडी म्हणाल्या नाहीत. त्यांनी लवूकाकांकडे पाहिलं. लवूकाकांच्या हातातली तंबाखूची चिमूट तशीच राहिली.

"माझ्याकडून चूक झाली," ते म्हणाले.

गाडी आणली तेव्हाची गोष्ट. कोकणातल्या रिवाजाप्रमाणे तिला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि लवूकाकांनी नारळ हातात धरून देवाला गाऱ्हाणं घातलं. सगळी गल्ली जमली होती. विनीत लाजून मागे उभा होता, अक्षता मोबाइलवर व्हिडिओ घेत होती. लवूकाका तेव्हा काय म्हणाले ते त्यांनी आता, खाली बघत, परत म्हणून दाखवलं.

"बा देवा म्हाराजा! आज ही गाडी दारात इली हा. ती खंय पन जावंदे, कसल्या पन वाटेन जावंदे, तिका काय एक इजा न होता घराक आण रे म्हाराजा!"

आणि सगळे म्हणाले होते, व्हय म्हाराजा. अक्षताही म्हणाली होती, हसत हसत.

"गाडीचा नाव घेतलंय," लवूकाका म्हणाले. "माणसाचा घेवचा रवला. माणूस आधी घेवचो असता. माझ्या बापाशीन माका शिकवलेला. त्या दिवशी लोकांची घाई, ऊन... मी इसरलंय गो."

त्यांचे डोळे भरून आले होते. दुसऱ्या कुणाला दया आली असती. अक्षताला त्या क्षणी कुणाचीच दया येत नव्हती.

"काका, तुमच्या एका वाक्यानं गाडी चालत नाही. इंजिनानं चालते. चाकांनी चालते. हे असलं काही मला सांगू नका!" ती एवढ्यानं ओरडली की वरच्या गॅलरीतून दोनतीन तोंडं डोकावली. "नाव घ्यायचं राहिलं म्हणे! मग माझा भाऊ गेला तो काय तुमच्या विसरभोळेपणानं?"

संध्याकाळी क्लबच्या ग्रुपवर मेसेज आला. चर्चेअंती अपघाताचं कारण, ड्रायव्हरची चूक. खाली हात जोडल्याची चित्रं. सौमित्रचं चित्र सगळ्यात शेवटी. अक्षतानं ग्रुप सोडला आणि न जेवता झोपली.

सकाळी ती खाली आली तर गाडीला हार.

झेंडूचा ताजा हार, बॉनेटवर कुंकू, चाकांखाली लिंबं, फोडलेल्या नारळाचं पाणी फरशीवर अजून ओलं. लवूकाका अंघोळ करून धोतर नेसून उभे. जाईबाईंनी केस विंचरले होते, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"काय केलंत?"

"गाऱ्हाणा परत घातला," जाईबाई म्हणाल्या. "माझ्या झिलाचा नाव घेऊन. सांगितला, गाडी इली, आता तेकाव घराक आण."

मेलेल्या माणसाला घरी बोलावतात का कुणी? रागानं तिचे कान गरम झाले. आईवरचा राग, काकांवरचा, सौमित्रवरचा, सगळा एकदम वर आला. तिनं हार ओरबाडून काढला, खिडकीतून हेल्मेट डाव्या सीटवर फेकलं आणि गाडी चालू केली. चाकांखाली लिंबं फुटली.

"अक्षता!" जाईबाईंनी हाक मारली. "बेगीन ये गो. जेवूक ये."

काळाचौकीवरून कॉटन ग्रीनकडे, तिथून रे रोडला दारूखाना. म्हणजे पूर्वेकडे, गाडीला नको त्या दिशेला. ती तयारीत होती. दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरून, दंड ताठ करून निघाली होती, आज हिला फरपटत न्यायची म्हणून.

गाडी ओढत नव्हती.

पहिला सिग्नल गेला, दुसरा गेला. पूर्वेकडे तोंड करून लाल गाडी सरळ चालली होती, पांढरीसारखी. अक्षतानं हात सैल केले. एकदा डावीकडे घेतली, एकदा उजवीकडे. काही नाही. ओढ नाही, अडणं नाही.

पण काहीतरी होतं. एकटा माणूस बसलेली गाडी आणि दोघं बसलेली गाडी यांतला फरक ती डोळे मिटून सांगू शकायची, रोजचं कामच ते. उजव्या वळणाला गाडीचं डावं अंग जास्त दबत होतं. खड्ड्यातून डावं चाक उशिरा वर येत होतं. ब्रेक दाबला की गाडी किंचित पुढं जाऊन थांबत होती.

पुलाच्या चढावर घंटी वाजायला लागली. टुंग, टुंग, टुंग. डॅशबोर्डवर लाल दिवा. शेजारच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की वाजते ती.

हेल्मेट, ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. हेल्मेटचं वजन.

तिनं हेल्मेट उचलून खाली पायांशी टाकलं.

टुंग, टुंग, टुंग.

तिनं पुलावर गाडी कडेला घेतली. मागचे हॉर्न वाजवून शिव्या घालून पुढे गेले. खाली दारूखान्याचे पत्रे उन्हात चमकत होते, लोखंड कापायचा आवाज येत होता. डाव्या सीटवर काही नव्हतं. काळं कापड, मधोमध जरासं दबलेलं.

"आता आलास?" अक्षता म्हणाली. "आता? तिकडं सगळे तुझी चूक म्हणून सह्या करून मोकळे झाले, आणि तू आता येतोस? मी एकटी भांडले रे, गाढवा! एकटी! एकानं ऐकलं नाही माझं!"

टुंग, टुंग, टुंग.

समोर उतारावर भंगारवाल्याचं फाटक दिसत होतं. तिथं गाडी दिली की ती कापतात. आधी दारं, मग छप्पर, मग सीटा.

तिनं डोळे पुसले. मग हात लांब करून डावा पट्टा खेचला. रिकाम्या सीटला लागतो त्याहून जास्त खेचावा लागला. बकल लागलं. घंटी थांबली.

तिनं गाडी वळवली आणि लालबागच्या रस्त्याला लागली.

काळाचौकीला एक हातगाडी अचानक आडवी आली. अक्षतानं करकचून ब्रेक दाबला. डाव्या सीटचा पट्टा पुढं ताणला गेला, खट्‌कन अडकला, आणि गाडी थांबल्यावर सावकाश मागं टेकला.